गिअरबॉक्सची नाडीपरीक्षा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूडच्या दक्षिणेस, राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर आगरदांडा, दक्षिण तीरावर दिघी, आणि मुखाशीं पाण्यांत उभा असलेला जंजिऱ्याचा किल्ला. जमिनीवरून एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जावयाचें तर खाडीला मोठा वळसा पडतो. म्हणून माणसें व मोटारी वाहून नेणारी फेरीबोट या दोन धक्क्यांमध्यें चालते. सुटीच्या दिवसांत श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे निघालेलीं मुंबई-पुण्याचीं कुटुंबें हा मार्ग हौसेनें धरतात. बोट सुटली कीं सर्वांचे डोळे पाण्याकडे नि डोंगरांकडे लागतात. पलीकडचा कांठ जवळ येऊं लागला, म्हणजे मात्र यंत्राच्या आवाजांत बदल होतो. त्याची धडधड मंदावते, क्षणभर शांतता झाल्यासारखें वाटतें, मग पायांखालीं एक हलकासा हिसका जाणवतो, पाणी खळबळून वर येतें, आणि बोट अलगद धक्क्याला टेकते. पुष्कळ प्रवाशांच्या लक्षांतही न येणारा हा अर्ध्या मिनिटाचा प्रसंग सबंध प्रवासांत सर्वांत जोखमीचा असतो. ज्या लोखंडी पेटीच्या भरंवशावर तो पार पडतो, तिचें नांव गिअरबॉक्स.

रस्त्यावरील मोटारीला ब्रेक असतात, कारण रस्ता चाकाला धरून ठेवतो. पाणी कोणालाही धरून ठेवीत नाहीं. इंजिन बंद केलें तरी भरलेली बोट आपल्या वेगानें पुढें जातच राहते. तशांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी खाडींतून समुद्राकडे धांवत असली, तर ती बोटीला बाजूसही ओढते. अशा वेळीं बोट आवरण्याचा मुख्य उपाय म्हणजे तिचा पंखा उलटा फिरविणें. गिअरबॉक्सचें महत्त्व यावरून ध्यानीं येईल. बोट चालविण्यासाठीं तो जितका आवश्यक आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती थांबविण्यासाठीं आवश्यक आहे. पुढचा गिअर निकामी झाला, तर नांगर टाकून मदतीची वाट पाहतां येते. उलटा गिअर ऐन धक्क्याशीं फसला, तर वाट पाहण्यास वेळच उरत नाहीं.

ही अडचण सर्वच नौकांना सारखी नसते. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीचा तांडेल किल्ला पुरता जवळ येण्याच्या आधींच शीड सोडतो आणि उरलेल्या वेगावर होडी पायऱ्यांशीं आणतो. मुंबईहून कोंकणच्या बंदरांना जाणाऱ्या जुन्या आगबोटींनाही अशा पेटीची गरज नव्हती. वाफेच्या इंजिनांत वाफ सोडण्याचा क्रम बदलला, कीं तेंच इंजिन उलट दिशेनें फिरूं लागतें. १८९७ सालीं रुडॉल्फ डिझेल यानें आपलें इंजिन यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें, आणि पुढें तेल जाळणाऱ्या या इंजिनानें वाफेची जागा घेतली. प्रचंड जहाजांवरील डिझेल इंजिनें थांबवून उलटीं चालू करतां येतात. लहान नौकांवर बसविलेलीं इंजिनें मात्र मालमोटारीच्या किंवा विहिरीवरील पंपाच्या इंजिनाचीं भाऊबंद. १९४६ सालीं किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाल्यानंतर महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचें झालेलें हें यंत्र एकाच दिशेनें फिरतें. पंपाला तेवढें पुरतें. बोटीला पुरत नाहीं. म्हणून इंजिन आणि पंखा यांच्यामध्यें एक मध्यस्थ बसवावा लागतो.

हा मध्यस्थ तीन कामें करतो. इंजिन चालू असतांना पंखा स्थिर ठेवणें, तो पुढें फिरविणें, आणि तो उलट फिरविणें. बहुतेक पेट्यांत चौथेंही एक काम असतें. इंजिनाला वेगानें फिरणें मानवतें, तर पाणी लोटणाऱ्या मोठ्या पंख्याला सावकाश फिरणें. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल आणि पेटीचें प्रमाण तीनास एक असेल, तर पंखा ६०० फेरे घेतो. फेरे कमी झाले, तरी त्याच प्रमाणांत पीळ देण्याची शक्ति वाढते.

जुन्या पद्धतीच्या हातानें चालणाऱ्या पेटींत ही करामत एका ढोलाच्या साहाय्यानें साधलेली असते. ढोलाच्या मध्यभागीं इंजिनाकडून आलेलें एक दंतचक्र असतें आणि पंख्याच्या शाफ्टाकडे जाणारें दुसरें. त्या दोहोंच्या भोंवतीं, ढोलालाच जडविलेलीं, लहान चक्रें असतात. सूर्याभोंवतीं ग्रह असावेत तशी ही रचना. गिअरचा दांडा मध्यावर असला, कीं लहान चक्रें नुसतीं गडगडतात, ढोल रिकामा फिरतो आणि शाफ्ट स्थिर राहतो. दांडा पुढें केला, कीं घर्षणाच्या कांहीं तबकड्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. त्यामुळें ढोल व चक्रें एकजीव होऊन सगळा गोळा इंजिनाबरोबर फिरूं लागतो. दांडा मागें ओढला, कीं ढोलाभोंवतींचा पट्टा आवळला जातो आणि ढोल जागीं थांबतो. आतां लहान चक्रांना जागच्या जागीं फिरण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि तीं शाफ्टाकडील चक्राला उलट दिशेनें फिरवितात. नंतरच्या काळांतील पेट्यांत तबकड्या दाबण्याचें काम माणसाच्या हाताऐवजीं पंपानें दाबलेलें तेल करतें. तत्त्व मात्र फारसें बदललेलें नाहीं. दोन्ही वस्तु घर्षणानें एकमेकींस धरतात, आणि जेथें घर्षण आहे तेथें झीज ही आहेच.

या रचनेवरून एक गोष्ट सहज उमगते. पुढच्या गिअरमध्यें ढोलांतील चक्रांचे दांते एकमेकांवर फिरत नाहींत. उलट्या गिअरमध्यें फिरतात. तेव्हां जुनी पेटी उलट चालतांना थोडी गुणगुणली, तर तो रोग नव्हे, स्वभाव आहे. तीच पेटी पुढें चालतांना नव्यानेंच कुरकुरूं लागली, तर मात्र आंतील बेअरिंग किंवा वेग कमी करणारीं मागचीं चक्रें यांच्याकडे संशयानें पाहिलें पाहिजे.

आतां दुखण्याकडे वळावयाचें. बोट पूर्वीसारखी धांवत नाहीं, किंवा उलटा गिअर उशिरा पकडतो, अशी तक्रार आली, कीं घाईचा मिस्त्री पेटीचें झांकण उघडतो आणि जें आवळतां येईल तें आवळतो. जाणता मिस्त्री तसें करीत नाहीं. वैद्य जसा औषधाच्या आधीं नाडी पाहतो, तसा तो पेटी न उघडतां तिची परीक्षा करतो. कारण ज्याला लोक गिअरबॉक्सचा बिघाड म्हणतात, त्याचें मूळ पुष्कळदां गिअरबॉक्सच्या बाहेर असतें.

पहिला प्रश्न असा : शाफ्ट फिरतो कीं नाहीं? बोट धक्क्याला पुढून व मागून भक्कम दोरांनीं बांधावी, पंख्याखालीं पुरेसें पाणी आहे व जवळपास पाण्यांत कोणी नाहीं याची खात्री करावी. इंजिन बंद असतांना शाफ्टावर खडूची एक रेघ ओढावी, मग इंजिन चालू करून मंद गतीवर गिअर घालावा आणि दुरूनच पाहावें. इंजिनाचा वेग वाढविला असतां रेघेचे फेरेही त्याच प्रमाणांत वाढले, तर पेटी आपलें काम करीत आहे. तरीही बोट दोरांना ताण देत नसेल, तर दोष पंख्याकडे आहे. त्याला जाळ्याचा नायलॉन गुंडाळला असेल, त्याच्या पात्यांवर खाऱ्या पाण्यांतील कवची जीवांचा थर बसला असेल, किंवा पंख्याला शाफ्टाशीं जखडणारी चावी तुटून शाफ्ट आंतल्या आंत फिरत असेल. याउलट इंजिन जोरानें घोंघावतें आणि रेघ मागें रेंगाळते, तर पेटीच घसरत आहे. एका खडूच्या रेघेनें अर्धा संशय असा दूर होतो.

दुसरा प्रश्न दांड्याचा. सुकाणूंजवळ बसलेला माणूस जो दांडा हलवितो, तो आणि पेटीवरील दांडा यांच्यामध्यें लांब केबल किंवा सळया असतात. खाऱ्या हवेनें केबलच्या आंत गंज चढतो, सळईचें भोंक झिजून लांबट होतें, केबल धरून ठेवणारा चिमटा सैल पडतो. मग वरचा दांडा पूर्ण हलला तरी खालचा अर्ध्यावरच थांबतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पेटींत हें फार घातक. कारण झडप अर्धवट उघडली, कीं दाब अपुरा पडतो, तबकड्या धरल्यासारख्या करून घसरत राहतात, तापतात आणि करपतात. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून केबल पेटीपासून सोडवावी आणि पेटीवरील दांडा हातानें पुढें-मागें नेऊन तो दोन्ही बाजूंना कोठपर्यंत जातो तें पाहावें. मग केबल जोडून वरच्या दांड्यानें तोच पल्ला गांठला जातो कीं नाहीं, याची तुलना करावी. पल्ला कमी पडत असेल, तर केबलची लांबी जुळवून घ्यावी, नाहीं तर ती बदलावी. कित्येक पेट्या एवढ्याशा कारणासाठीं खोलल्या गेल्या आहेत.

तिसरा प्रश्न तेलाचा. तेल केव्हां मोजावें, इंजिन बंद केल्याबरोबर कीं थंड झाल्यावर, याचे नियम निरनिराळ्या कारखान्यांचे निरनिराळे असतात. ते त्या पेटीच्या पुस्तकांत पाहावे. तेल कोणतें घालावें हेंही तेथेंच पाहावें. एका पेटीला मानवणारें तेल दुसरीच्या तबकड्यांना निसरडें ठरतें. तेलाचें रूप मात्र सर्वत्र एकच भाषा बोलतें. तें दुधासारखें पांढुरकें झालें असेल, तर त्यांत पाणी शिरलें आहे. बहुधा तेल थंड करण्याच्या नळींत भोंक पडून समुद्राचें पाणी आंत आलें आहे. अशा वेळीं आधीं तें भोंक बंद करावें आणि मग तेल स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हां पुन्हां बदलावें. नुसतें तेल बदलून भागत नाहीं. तेल काळें होऊन करपल्याचा वास येत असेल, तर तबकड्या घसरत आहेत. बोटांच्या चिमटींत चमकणारे लोखंडी कण लागले, तर बेअरिंग किंवा दांते झिजत आहेत, आणि अशी पेटी उघडण्याला पर्याय नाहीं. तेलाला फेस येत असेल, तर तें प्रमाणाबाहेर भरलें आहे, किंवा पंप कोठून तरी हवा ओढीत आहे.

चौथा प्रश्न आवाजाचा. इंजिन अगदीं मंद चालतांना पेटींतून खडखड येते आणि वेग किंचित् वाढवितांच ती नाहींशी होते, असें असेल तर दोन शक्यता असतात. एक तर इंजिनाची मंद गति वाजवीपेक्षां कमी ठेवली आहे. ती थोडी वाढविली कीं काम भागतें. नाहीं तर इंजिन व पेटी यांच्यामध्यें हिसके शोषण्यासाठीं बसविलेल्या चकतीच्या स्प्रिंगा सैल किंवा मोडक्या झाल्या आहेत. ही चकती पेटीच्या बाहेर असते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालें, तर तोच मार पेटींतील दांत्यांना बसतो.

पांचवा प्रश्न सरळपणाचा. पंखा पाणी मागें लोटतो आणि त्याची प्रतिक्रिया शाफ्टावरून गिअरबॉक्सवर येते; म्हणजे सबंध बोट प्रत्यक्षांत या पेटीच्या पाठीवर रेटली जाते. पेटीचा व शाफ्टाचा अक्ष एका रेषेंत नसला, तर प्रत्येक फेऱ्याला बेअरिंग पिळवटतें आणि पाठीमागचें तेलाचें सील झिजतें. जोडाच्या दोन तबकड्या सोडवून त्यांच्यांतील फट चारी बाजूंनीं मोजावी. तबकडीच्या दर इंच व्यासास एक सहस्रांश इंचाहून अधिक फरक नसावा, असा प्रचलित नियम आहे. ४ इंची तबकडीस हा फरक सुमारें ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढा होतो. हें मोजमाप बोट किनाऱ्यावर ओढलेली असतांना घेतलें, तर तें पाण्यांत टिकत नाहीं. जमिनीवर टेकलेल्या सांगाड्याचा आकार वेगळा आणि पाण्यानें चहूंकडून उचललेल्याचा वेगळा. विशेषतः लाकडी बोटींत हा फरक ठळक असतो. म्हणून अखेरची जुळणी बोट पाण्यांत एक-दोन दिवस राहिल्यानंतरच करावी.

या पांच प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, आणि तरीही पेटी घसरते, तर मग झांकण उघडण्याची वेळ आली. हातानें चालणाऱ्या पेटींत दोन ठिकाणीं जुळणी असते. पुढच्या गिअरच्या तबकड्यांसाठीं एक खांचा असलेलें कडें असतें व तें खिळीनें अडकविलेलें असतें. इंजिन बंद, दांडा मध्यावर, खिळी ओढून कडें फक्त एक खांच पुढें फिरवावें, खिळी बसवावी आणि दांडा टाकून पाहावा. जुळणी बरोबर असेल, तर दांडा हाताच्या निश्चयी रेट्यानें, खट् असा आवाज करून, आपल्या जागीं बसतो. तो लोण्यांतून जावा तसा गेला, तर जुळणी अजून सैल आहे. दोन्ही हात लावूनही बसत नसेल, तर ती अति घट्ट झाली. अशा वेळीं कडें एक खांच मागें घ्यावें. उलट्या गिअरच्या पट्ट्यास एक नट असतो. तो पाव पाव फेरा आवळीत जावें आणि प्रत्येक वेळीं दोन गोष्टी पाहाव्या : दांडा मागें ओढल्यावर ढोल जागीं थांबतो काय, आणि दांडा मध्यावर आणल्यावर पट्टा ढोलापासून पुरता सुटतो काय. दुसरी परीक्षा पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. सैल पट्टा घसरून जळतो. पण अति घट्ट पट्टा कधींच सुटत नाहीं आणि विश्रांतीच्या वेळींही जळत राहतो. झीज अखेरच्या मर्यादेपर्यंत गेली असेल, तर कितीही आवळलें तरी पकड येत नाहीं. तेथें तबकड्या किंवा पट्ट्याचें अस्तर बदलणें हाच उपाय.

तेलाच्या दाबाच्या पेटींत असें आवळण्यासारखें फारसें कांहीं नसतें. तेथें दाबमापक लावून पाहावें. दाब दोन्ही गिअरमध्यें कमी असेल, तर गाळणी तुंबली आहे, पंप झिजला आहे किंवा दाब राखणारी झडप अडकली आहे. एकाच गिअरमध्यें कमी असेल, तर त्याच बाजूचें सील गळत आहे. दाब दोन्हीकडे पुरेसा असूनही पेटी घसरत असेल, तर तबकड्याच संपल्या आहेत. ही तुलना मिस्त्रीचे दोन दिवस वांचविते.

जुन्या पेटीचें आयुष्य मिस्त्रीपेक्षां तांडेलाच्या हातीं अधिक असतें. वेगांत असतांना दांडा एकदम पुढून मागें ओढणें, ही पेटीवर केलेली सर्वांत मोठी जबरदस्ती होय. आधीं वेग उतरवावा, दांडा मध्यावर आणावा, क्षणभर थांबावें, आणि मगच उलटा गिअर घालावा. अनुभवी तांडेल आणखी एक गोष्ट पाळतो. धक्का पुरेसा दूर असतांनाच तो एकदां उलटा गिअर घालून पाहतो. पकड मिळाली तर ठीक. न मिळाली तर वळून निघून जाण्यास किंवा नांगर टाकण्यास पाणी शिल्लक असतें. धक्क्याला दहा हात उरले असतां प्रथमच उलटा गिअर घालणारा मनुष्य आपल्या पेटीची परीक्षा प्रवाशांच्या जिवावर घेतो.

कोळी बांधवांच्या यांत्रिक नौकांना जून व जुलै हे दोन महिने समुद्रावर मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, बाहेर पावसाची झड लागलेली असते, आणि यंत्राकडे निवांतपणें पाहण्यास याहून चांगला काळ नाहीं. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून बोटी पुन्हां लोटल्या जातात, तेव्हां ज्याच्या पेटींतील तेल स्वच्छ, केबल मोकळी आणि जुळणी नेमकी, तो तांडेल निर्धास्त असतो. फेरीबोटीला असा दीर्घ विसांवा नेहमींच लाभतो असें नाहीं. म्हणून तिला रोजच्या रोज तेलाची पट्टी पाहण्याची आणि नवा आवाज ऐकण्याची संवय अधिकच लागली पाहिजे.

कारण गिअरबॉक्स सहसा एकाएकीं दगा देत नाहीं. तो आधीं तेलाचा रंग बदलून सांगतो, मग दांड्याच्या ढिलाईनें सांगतो, मग आवाजानें सांगतो, आणि कोणीच ऐकलें नाहीं, तर शेवटीं धक्क्याच्या भिंतीशीं सांगतो. आगरदांड्याच्या धक्क्यावर बोट टेकतांना तो हलका हिसका जाणवला आणि पाणी खळबळून वर आलें, म्हणजे प्रवाशांनीं समजावें, कीं कोणीतरी त्याचें सांगणें वेळेवर ऐकलें आहे.